उलटी खाडी

नवलकरांनी शिवडीची संध्याकाळ
अकरा रंगांत रंगवली.
माझ्याकडे एकच, शाई.

तांब्यावर दातेरी पातं झुलवत
महिनाभर नुसता काळोख पेरला.
मग खरवडणी घेऊन
उकरून काढली ढगाची कड,
चिखलात अडकलेलं पाणी,
एका होडीची पाठ.
ते उजेड लावतात.
मला तो खाली सापडावा लागतो.

पहिला ठसा बघून म्हणाले,
"केशरी कुठंय?"
जिथं सगळ्यात जास्त घासलं होतं
तिथं मी बोट ठेवलं.
ते बराच वेळ बघत राहिले.

आरसा लावून कोरायचं विसरलो होतो.
किल्ला भलत्याच हाताला,
आमच्या दोघांच्याही ध्यानात नाही.

धक्क्यावर लडक्या नाखव्यानं
कागद एकदाच पाहिला :
"ह्या वाटंनं गेलास, तं घरा नाय पोचाचास."