नमुना क्रमांक सत्तेचाळीस

आठच्या आत रक्त घ्यावं लागतं,
कॉर्टिसॉल नंतर घसरत जातं म्हणून.
मे महिन्यात नागपुरात आठ म्हणजे काही सकाळ नव्हे.
मेडिकलच्या फाटकावरल्या चौकीदाराने तोवर
डोक्याचा दुपट्टा दुसऱ्यांदा ओला केलेला असतो.

मी पट्टा बांधते, मूठ मिटा म्हणते.
जांभळं झाकण, पिवळं झाकण, बर्फाचा डबा.
फॉर्मवर रकाने:
आवाज ऐकू येतात का,
पूर्वी प्रयत्न केला आहे का,
सोबत कोण आहे.

सत्तेचाळीस नंबर माझा भाऊ.
मी कुणाला सांगितलं नव्हतं. त्यानेही नाही.
शिर शोधताना हळूच म्हणाला,
"मॅडम, ते लोकं रक्तात दिसतात काय?"

डॉक्टर अंजनकर म्हणतात, अजून नक्की काही नाही.
कोलेस्टेरॉल कमी तर धोका जास्त,
असं काही पेपरांत आहे, काहींत नाही.
मी घरी हे उगाच बोलले.
आई आता लोमेशच्या पोळीवर दोनदा तूप फिरवते.

नळीत जे मावलं नाही, ते असं:
कोराडी रोडवरून सुट्टी होऊन तो घरी आला,
आवाज थांबले होते, आम्ही तर्री-पोहे आणले,
तांडापेठेतल्या अर्ध्या गल्लीला दिले.
आणि त्या शांततेत त्याला सगळं स्वच्छ दिसलं.
वय एकतीस. सुटलेलं कॉलेज.
फोन न उचलणारे तिघे मित्र.
त्या आठवड्यात त्याने आपलं घड्याळ भाच्याला दिलं,
छान हसला.
आम्हाला वाटलं, सुधारला.

पुढचं मी लिहीत नाही.
दार वेळेवर उघडलं, एवढंच.

तेव्हापासून मी रोज विचारते,
जेवलास काय विचारावं तसं:
"मराचं मनात येते काय रे?"
पहिल्यांदा जीभ टाळूला चिकटली होती.
विचारलं की सुचेल त्याला, काकू म्हणाली.
सुचत नाही.
ते आधीच येऊन बसलेलं असतं खाटेवर,
विचारलं की जरा सरकतं,
मला बसायला जागा देतं.

"आज नाही," म्हणतो तो बहुतेकदा.
कधी "थोडंसं."
थोडंसं असलं की मी सुट्टी टाकते,
डॉक्टरांना फोन लावते, कूलरसमोर बसतो आम्ही,
खसाच्या ओल्या वासात, फारसं न बोलता.

तिकडे उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये
त्याचे दोन मिलिलिटर गोठून आहेत.
त्यातून उद्या काही निघालं तर निघो,
मी नवस बोलायचीच राहिले आहे.

काल रात्री लाईट गेली.
कूलर थांबला, आई वारा घालत झोपली.
मला आधी तो फ्रीजर आठवला, जनरेटर लागला असेल ना,
मग लाज वाटली.
अंधारात पलीकडून त्याचाच आवाज, दुसऱ्या कुणाचा नाही:
"ताई."
"काय रे?"
"आज इचारलं नाही तुनं."