बहात्तर पट

धायरी फाट्यामागे, पत्र्याच्या शेडमध्ये,
टेबलावर राखाडी दोराचं वेटोळं:
सव्वीस मीटर, दहा मिलिमीटर जाड,
उचलला तर ओल्या चादरीएवढंही वजन नाही.
कुलदीप गाडे उद्या सकाळी जीप न्यायला येणार
आणि मी अजून ठरवलेलं नाही
याच्या टोकाला काय द्यायचं.

त्याला हुक हवाय. लाल.
बंपरवर उठून दिसेल असा.
"ताई, दिसायला पाहिजे ना काहीतरी."

हुक आहे माझ्याकडे. उधारीच्या पावत्यांवर ठेवलाय,
पंख्यानं उडू नयेत म्हणून.
तीन वर्षांपूर्वी, वेल्ह्याच्या पुढे, भातखाचराच्या कडेला
विंचची पोलादी तार तुटली
आणि हाच हुक काचेतून आत येऊन
मागच्या सीटवर बसला, पाहुण्यासारखा.
सीट रिकामी होती. शर्विल नेमका लघवीला उतरला होता.
आम्ही नंतर त्यावर खूप हसलो.
हसताना शर्विल कोणाकडेच बघत नव्हता.

मग नुसती गाठ?
गाठ सोपी, हात आपोआप मारतात:
नाडीची, पिशवीची, लग्नातल्या उपरण्याची.
पण हा धागा मेणासारखा गुळगुळीत,
गाठ याच्या अंगाला लागत नाही, सरकते,
आणि जिथं लागते
तिथंच अर्धी ताकद खाऊन बसते.
सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात.
याला मुळात पीळच नाही.
उलटा सोडताना ड्रममधला ब्रेक तापतो
तेव्हा हा आधी मऊ होतो,
मग कोणाला काही न सांगता वितळतो.

विणायला मला तांडेलकाकांनी शिकवलं.
हर्णैचे, जन्मभर बोटीवर, आता लेकीकडे वारज्यात,
चौथ्या मजल्यावर, जिथं पाणी म्हणजे गच्चीवरची टाकी.
म्हणाले, टोक बाहेर ठेवायचंच नाही.
वळवून त्याच्याच पोटात घालायचं.
किती? जाडीच्या बहात्तर पट.
मी म्हटलं, सत्तर चालेल?
त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला,
परत लावला,
आणि काही बोलले नाहीत.

तर बहात्तर सेंटीमीटर.
पेनानं खूण.
बारा पदर, त्यातले जोडीजोडीनं छाटत जायचे
म्हणजे जाडी एकदम संपत नाही,
उतरत जाते, जिन्यासारखी.
सायकलच्या स्पोकची सुई. तिला टेप. टेपला टोक.
दोर फुगवायचा, आत शिरायचं,
आणि बाहेरून दोन्ही हातांनी निपटत न्यायचं
खुणेपर्यंत.
आता कितीही ओढा,
बाहेरचा आतल्याला आवळतच जाणार.
भीती ओढायची नाही, सैल सोडायची.
सैल असताना तो हळूच मागे सरकू बघतो.
म्हणून गळ्याशी सहा टाके, गादीवाल्याच्या दाभणानं.

राहिला डोळा. त्यात पोलादी थिंबल बसवावं का?
हातात घेतलं. वजन बघितलं.
दोनदा बसवलं, दोनदा काढलं.
जे तुटल्यावर उडणार
ते आधीपासूनच हलकं असावं.
शेवटी चढवली नुसती जाड कापडी खोळ,
आणि अडकवायला दोराचीच कडी.

दीड वाजला. बायपासवरून ट्रक जातायत,
पत्रा प्रत्येकाला उत्तर देतोय.
टेबलावरचा डोळा दिसायला काहीच नाही.
दुपट्याच्या कोपऱ्याला पाडलेल्या भोकासारखा.

उद्या कुलदीप म्हणेल, बास? एवढंच?
मी काही समजावणार नाही.
पावत्यांवरचा हुक उचलून
त्याच्या हातात देईन, जरा धर म्हणेन.
पंखा चालू असेल.
पावत्या शेडभर उडतील,
त्यातली एक त्याचीही.