हे ओळखपत्र नव्हे

धानोरीचा झेरॉक्सवाला पोरगा विचारतो,
"मावशी, दोन्ही बाजू?"
मागची कोरी आहे. तरी काढ म्हणते.
सरकारी कागदाचं काय सांगावं,
आपल्याही आणि त्यांच्याही.

हलला आम्ही चौघी एका घरात,
फिलोमिना, ब्लेसिंग, तिची मावसबहीण आणि मी.
नोव्हेंबरात पत्र पडलं दाराच्या फटीतून,
दुपारी चारला अंधार.
श्रीमती रत्नमाला सुदाम ओव्हाळ.
सुदाम, जो खंडाळ्यापलीकडे कधी गेला नाही,
ज्याला जाऊन नऊ वर्षं झाली,
तो मधल्या नावानं बसला होता
विलायती दप्तरात, टाय न घालता.

दोन अक्षरं, सहा आकडे, शेपटीला एक अक्षर.
आमच्या एमएच बारासारखं, मी ब्लेसिंगला समजावलं,
पाटी बघून कळतं माणूस कुठला.
"आणि ह्यावरून?"
पत्रातच लिहिलं होतं, हे ओळखपत्र नव्हे.
आणि हेही, की हा नंबर आयुष्यभर तुमचाच.
म्हणजे मी कोण ते त्यांना ठाऊक नाही,
पण आहे, एवढं नक्की.

पाठ केला. मिस्टर प्रॅटच्या पाठीला साबण लावताना
म्हणायची, पाढ्यासारखा.
मासेमारी बोटीवरचा म्हातारा. म्हणाला,
चुकलीस, मघाशी सात होते.
मग स्वतःचा म्हणून दाखवला, न अडखळता,
पंधराव्या वर्षी मिळालेला.
पाणी गार होईपर्यंत
आम्ही दोघं एका वहीत होतो.

पगाराच्या चिठ्ठीत त्या नंबराखाली कापलेली रक्कम.
बाकीच्या कुरकुरायच्या. मला बरं वाटायचं,
कापतात म्हणजे मोजतात.
शेवटच्या तीन चिठ्ठ्यांत कापलेलं होतं,
पगार नव्हता.
मग कंपनीचा परवाना गेला,
आमचे साठ दिवस सुरू झाले,
लोहगावचा दीड गुंठा तर त्याआधीच
एजंटच्या घशात.

दहा वर्षं भरली तर म्हातारपणी काही मिळतं म्हणे.
माझं एक भरलंय.

आता कळसला नर्सिंग होममध्ये नाइट.
त्याच सहा आकड्यांनी फोन उघडते.
लेक म्हणतो, आई, जन्मतारीख ठेव ना, सोपी.
जन्मतारीख गुरुजींनी लावलेली, एक जून,
अर्ध्या वर्गाची तीच.
हा तरी माझ्या एकटीचा आहे.

बुडालेल्या पगाराचं काम बघणारी तिकडची बाई
म्हणाली, पत्राची प्रत पाठवा, दोन्ही बाजू.
पोरगा मशीनचं झाकण उचलतो, पान उलटतो.
कोऱ्या बाजूवर काचेवरचे
दोन काळे ठिपके उमटलेत.
"चार रुपये," म्हणतो.
मागच्या बाजूचेही धरून.