माघार
खाण बंद झाल्यापासून ट्रिपशीटच्या कोऱ्या पाठी
आमच्या हुकमांच्या कामी येतात.
डिचोलीत, रेजिनाल्डच्या टायरच्या दुकानावर,
जुन्या फ्लेक्सच्या उलट्या बाजूला
मी रंगवलेले तालुके, नद्या जरा जास्तच रुंद.
सैन्य म्हणजे बाटल्यांची बुचं, आरमार म्हणजे काजूबिया.

सगळे एकदम लिहितात. मी वाचतो.
ज्याच्या पाठीशी जास्त, तो आत.
सारखेच भिडले तर दोघेही होते तिथेच,
मधला तालुका कुणाचाच नाही.
इथवर भांडण नसतं.

आज सत्तरीतून रेटा आला, रोहिदास डिचोलीतून उठला.
फोंड्यातून आला, जासिंत तिसवाडीतून.
"माघार लिहा," म्हटलं.
हाताचा आडोसा करून लिहिली दोघांनी,
परीक्षेतल्या पोरांसारखी.

पहिली चिठ्ठी: बार्देश.
दुसरी: बार्देश.

पेडणे रिकामं होतं की!
नियम मीच वाचून दाखवलेला, पहिल्या दिवशी:
चढाईत टक्कर झाली तर परतायला घर असतं,
माघारीत झाली तर नसतं.
मी दोन्ही बुचं उचलली.
एकाला अजून बियरचा वास.

कुणी हरकत घेतली नाही.
एका ट्रकाचे हप्ते मिळून फेडलेली माणसं ती.
गेल्या महिन्यात फेरीबोटीवरच्या एकाच जागेसाठी
अर्ज केले दोघांनी, एकमेकांना न सांगता.
मला दोघांनीही सांगितलं होतं.

निघताना जिना एकच, अरुंद.
"तू हो पुढे."
"ना रे, तू."
दोघेही एकेक पाऊल मागे सरले.
मी मोबाइलचा टॉर्च धरून उभा.
उजेडात नुसत्या पायऱ्या.