इमाका

नळ स्टॉपच्या लॉन्ड्रीत मोईननं
नारिंगी जाकीट दोन्ही हातांनी तोललं.
"काकू, हे पुण्यात कुठे घालता?"
आठ महिने कपाटात होतं, डांबरगोळ्यांत.
बाहेर एकेचाळीस असावं, माझा अंदाज.
(पेपरात दुसऱ्या दिवशी चाळीस पूर्णांक आठ.
सवय जात नाही.)

चौतीस वर्षं सिमला ऑफिसात आकडे लिहिले.
कोरडा पारा, ओला पारा,
आकाशाच्या आठ भागांतले ढगांचे किती.
नकाशाच्या वरच्या कडेला एक पांढरा तुकडा असायचा,
तिथवर आमची पेन्सिल जात नसे.
चहाचा कप ठेवायला बरी जागा.

तिथेच जाऊन आले.
सोबत शरयूवन्सं, दोन किलो भाजणी,
आणि एकशे दहा माणसं एकाच रंगाच्या जाकिटांत,
बर्फावर उतरली की
नागपूरची पेटी फुटल्यासारखी.

फियॉर्ड म्हणजे काय हो, सोसायटीत विचारतात.
सांगते : ताम्हिणीच्या दरीत समुद्र सोडा,
झाडं काढून घ्या,
मग आवाज काढून घ्या,
आणि थांबा.
हिमनदीचा कडा आधी पडतो, गडगडाट मागून येतो.
बातमी कळून बराच वेळ झाल्यावर
माणूस खाली बसतो, तसा.

कस्तुरी बैल दिसले,
उतारावर घोंगड्या वाळत घातल्यासारखे.
मग त्यातली एक घोंगडी चालू लागली.

आणि अस्वल?
कड्यावर पिवळट ठिपका होता एक.
वन्सं म्हणाल्या, हललं.
मी म्हटलं, दगड.
आविआया, आमची वाटाडी, तिथलीच पोर,
दोघींकडे बघून म्हणाली, "इमाका."

इमाका म्हणजे असेल.
इमाका म्हणजे नसेलही.
बर्फ वाट देईल? इमाका.
उद्या किनाऱ्यावर उतरू? इमाका.
वन्सं चिडल्या, एवढे पैसे मोजून इमाका?
मला मात्र कचेरीत गेल्यासारखं वाटलं.
आम्ही त्यालाच म्हणायचो
'तुरळक ठिकाणी शक्यता'.

तिच्या आईनं कॉफीला बोलावलं.
ओट्यावर अर्धचंद्राची सुरी होती, उलू.
मी पात्यावरून बोट फिरवलं, विळीची धार बघावी तसं.
ती हसली. सीलचं कातडं कसं सोडवायचं
ते हवेत करून दाखवलं.
मी हवेतच नारळ खवला.
दुभाष्या शेजारी बसून केक खात होता.

आणि मग ते चर्च, नॉर्स लोकांचं.
भिंती उभ्या, छप्पर नाही,
खिडकीत खाडी.
साडेचारशे वर्षं राहिले म्हणे त्या मुलखात,
गाई पाळल्या, हिवाळ्यापुरतं गवत साठवलं,
आणि लेखी शेवटची नोंद एका लग्नाची.
साल चौदाशे आठ. साक्षीदार हजर.
त्यापुढे कागद नाही.
दुष्काळ नाही, निरोप नाही,
साधं भांडणसुद्धा नाही.
"आम्ही लिहीत नव्हतो," आविआया म्हणाली,
आणि पायाखालचं क्रोबेरीचं फळ तोडून तोंडात टाकलं.

मला माझं रजिस्टर आठवलं.
यंत्रं बसवली त्या मार्चमधली संध्याकाळ, साडेपाच.
ढग तीन. वारा नाही. खाली सही.
पुढची ओळ
आखलेली.

नियम होता, तिथलं काही उचलायचं नाही.
चौतीस वर्षांत एक दशांश इकडचा तिकडे केला नाही मी.
मोईननं खिसे उलटे केले
आणि काउंटरवर ठेवला
सुपारीएवढा करडा दगड.
"हे काय, काकू?"

पटकन मुठीत घेतला.
गार होता.
निदान मला तसा लागला,
नोंद करण्याजोगं काही नाही.

"जाकीट सोमवारी मिळेल ना?"
मोईन पावती फाडत म्हणाला,
"बघू."