अर्ध्या इंचाची जाळी

हॅलिफॅक्सच्या बाजारामागं, उतारावर ग्रीनवुडचं दुकान.
दारात बादल्या, खराटे, पाखरांचे दाणे.
मी म्हटलं, जाळी हवी.
त्यानं चष्मा कपाळावर सरकवला :
अडवायचं काय, बाई,
आणि जाऊ काय द्यायचं?

सत्तेचाळीस वर्षं झाली मला या गावात,
इतकं नेमकं कुणी विचारलं नव्हतं.

कोल्हा, मी म्हटलं. शेजारच्या इनिडच्या कोंबड्या.
सहाच्या सहा, शुक्रवारी रात्री.
होती की जाळी. षटकोनी, बारीक तारेची,
कोंबड्यांची जाळी म्हणूनच विकतात ती.
तो म्हणाला, ती कोंबडीला आत ठेवते,
कोल्ह्याला बाहेर नाही ठेवत.

मग शिडीवर चढून दोन रिळं उतरवली.
ही विणलेली, ही जोडलेली. दाबून बघा.
विणलेलीची तार अंगठ्याखाली सरकली,
एक भोक मोठं झालं, शेजारचं लहान.
जोडलेली ढिम्म हलली नाही.
जिथं तारेवर तार, तिथं घट्ट डाग,
वरून सगळीकडं जस्ताचा मुलामा.

हे मला कळतं.
वडील इचलकरंजीत मागावर,
मी इथं ओव्हेंडन रोडच्या गिरणीत एकोणीस वर्षं
कापडावर पितळी भिंग ठेवून इंचातले धागे मोजले,
उभे किती, आडवे किती.
दोन कमी भरले की अख्खा तागा परत.
गिरणीत आता फ्लॅट आहेत.
भिंग अजून पर्समध्ये, चिल्लर आणि लवंगांच्या डबीबरोबर.

काढलं, जाळीवर ठेवलं.
ग्रीनवुड हसला नाही. तोही वाकला.
इंचात दोन घरं.
तार वगळून मोजा, तो म्हणाला,
भोकाचेच तर पैसे घेतो मी.

कानावरची पेन्सिल काढून त्यानं घरात घातली,
आरपार गेली.
पेन्सिल जाते तिथं उंदीर जातो.
म्हणून स्वयंपाकघराच्या हवेच्या विटेला पाव इंची, वेगळी.
आईच्या खिळ्याला तीन चाळण्या असत,
रव्याची, पिठाची, आणि एक कशाची ते विसरले.
अंधारात ती नुसत्या बोटानं ओळखायची.

जाता जाता विचारलं, यातलाच एक तुकडा
वांगं भाजायला चालेल का?
तो चक्क ओरडला.
जस्त विस्तवावर? धूर छातीत जाईल, बाई!
आणि मागून स्टीलची एक कातरण आणली,
वहीच्या पानाएवढी, फुकट.

रविवारभर आम्ही दोघी.
इनिड एक्याऐंशीची, टेप धरायला.
जाळी नुसती उभी करून भागत नाही,
खाली फूटभर बाहेरच्या अंगाला वळवून पुरायची,
कोल्हा कडेशीच उकरतो, मागं सरकून उकरायची अक्कल त्याला नाही.
यॉर्कशरची माती : चार बोटं माती, मग दगडच दगड.
कापलेली टोकं मांजरासारखी बोचकारतात.
माझे हातमोजे तिला, तिच्या नवऱ्याचे मला,
अंगठ्यापाशी अजून त्याच्या रंगाचा हिरवा डाग.
ती म्हणाली, डॉट दारात येऊन उभी राहायची.
डॉट म्हणजे कोंबडी.
मी पुढची खिळी ठोकली.

कुंपणाच्या तळाशी मात्र एक चौकोन
आम्ही मुद्दाम कापून ठेवला, वीतभराला थोडा कमी,
साळिंदराच्या त्या गोलमटोल धाकट्या भावंडासाठी,
गोगलगायी खातो तो.
त्याची टोकं आत वळवली, पक्कडीनं, एकेक.

संध्याकाळी गॅसवर कातरण ठेवली.
वांगं फुटलं, रस तारेवर चरचरला,
मग त्याच तारेवर भाकरी.
इनिडनं ती उजेडाला धरली,
पाठीवर उमटलेले चौकोन बघितले,
म्हणाली, तुझं ते भिंग दे जरा.

उभे अकरा, आडवे नऊ,
एके ठिकाणी करपून मोजता येईना.
चालेल, मी म्हटलं,
हा तागा परत करायचा नाही.