खाच

पहिली गोष्ट आधीच सांगून टाकतो:
पेटीत कुणी नसतं.
लोक वाकून फटीतून बघतात,
पोरं मोबाइलचा उजेड आत सोडतात,
आणि दिसतात गोगलगाईंचे शंख,
विटांचा भुगा, एक टेनिसचा चेंडू.
माणूस खाली, सहा फूट मातीत.
वर उभी आहे ती नुसती दगडी बढाई,
कमरेइतकी उंच,
बाजूंना कोरलेले पडदे, नासपत्या,
आणि गाल झिजलेली दोन देवदूतपोरं.

जेबेझ निब्लेट, कापडवाला, अठराशे अकरा.
अत्यंत दयाळू धनी, असं दगड म्हणतो.
त्याच्या गिरणीखालचा ओढा
सोमवारी लाल वाहायचा, गुरुवारी निळा.
त्या पाण्यात ज्यांचे हात कोपरापर्यंत रंगले
ते उत्तरेच्या भिंतीकडे, जिथं ऊन पोचत नाही,
बिनदगडाचे.
निब्लेटभोवती मात्र चौतीस लोखंडी गज,
प्रत्येकाच्या टोकाला भाला.
मेंढ्यांपासून राखण, म्हणतात.
प्रेतचोरांपासून, म्हणतात.
मला वाटतं, शेजाऱ्यांपासून.

कठड्याच्या आत गवत मांडीपर्यंत.
यंत्र शिरत नाही, मेंढी शिरत नाही,
म्हणून गावात कुठंच न उरलेली पिवळी काउस्लिप
इथं बिनभाड्यानं राहते.

मी लोहार. वर्गणी जमली की बोलावतात.
तारेच्या ब्रशनं घासतो, पापुद्रे झडतात.
गज आणि गंज,
एका टिंबाचा फरक.
त्या टिंबावर माझं पोट.

चर्चच्या किल्ल्या मॉरीन पेग्लरकडे. वय त्र्याऐंशी.
थर्मासमधून चहा ओतता ओतता
ती बाकीची थडगी दाखवते:
उघडी, आणि कडेच्या दगडात ओळीनं
शिशाचे करडे ठिपके,
उपटलेल्या दातांच्या जागांसारखे.
"बेचाळीस साली कापले. विमानं करायची म्हणून.
कापणारा माझा बाप."
झाली विमानं?
"कुणी म्हणतं झाली. कुणी म्हणतं
ढीग रुळांच्या कडेला पडून सडला."
ती बिस्किट चहात बुडवते,
जरा जास्तच वेळ. ते तुटतं.

"हे एक उरलं. अंधार पडला होता.
राहिलेलं उद्या, म्हणाला,
करवत खांद्यावर टाकून घरी आला
तर टेबलावर सैन्याचं पत्र."
दारातल्या पितळी पाटीवर तो सातवा आहे.
तेव्हा ही पाळण्यात.

मग ती ईशान्येच्या कोपऱ्यातला गज दाखवते.
घोट्याच्या उंचीवर खाच, नखभर खोल.
करवतीनं सुरुवात केली, तेवढीच.
माझ्या कंत्राटात कलम चार:
सर्व खाचा व छिद्रे भरून, घासून, समतल करावीत.
ती काही मागत नाही.
थर्मासचं झाकण फिरवते,
"वारा सुटला," म्हणते, जाते.
गुडघा दुखतो तिचा, डावा,
फाटकाशी थांबून ती तो चोळते.

दिवस मावळेपर्यंत तेहेतीस गज काळे कुळकुळीत.
चौतिसाव्याला रंग दिला,
तेवढी खाच सोडून.
पाऊस इथं बारमाही.
गंज यायचा तर पहिला तिथूनच येईल,
येऊ दे.
ते काम माझं नव्हे.
कुणीतरी ते उद्यावर ठेवलंय.